बुडव्या ठेकेदारामागे लागायचं की पैसे सोडून द्यायचे? हे ठरवायचं कसं

माझ्या गॅलरीत पाच आठवडे एक ड्रिल मशीन, एक कटर आणि फेविकॉलचा अर्धा डबा पडून होता. मालकाचा पत्ता नव्हता. मालक म्हणजे आमच्या किचनचं फर्निचर करायला घेतलेला ठेकेदार. "ताई, माल आलाय, फक्त कारागीर गावाला गेलेत, सोमवारी आलेच समजा," हे त्याचं फोनवरचं शेवटचं वाक्य. त्यानंतरचे सोमवार मी मोजले नाहीत.

कोटेशन २,१०,००० रुपयांचं होतं. किचनच्या ट्रॉल्या, वरची कॅबिनेट, माळ्याची दारं आणि एक कपाट. तीन हप्त्यांत मी १,४०,००० देऊन बसले होते. बदल्यात ओट्याखालचे सांगाडे तेवढे उभे राहिले, तेही चुकीच्या प्लायचे. कागदावर '७१०' लिहिलेलं होतं, म्हणजे आयएस ७१०, पाण्यात राहिला तरी थर न सुटणारा मरीन प्लाय. सिंकखाली वाकून मोबाइलचा टॉर्च मारला तेव्हा फळीवरचा शिक्का दिसला: आयएस ३०३, एमआर, म्हणजे फक्त दमटपणा सोसणारा साधा प्लाय. मालावर शिक्का होता, माल खोटा नव्हता, पण बेडरूमच्या कपाटाचा माल सिंकखाली लावला होता. गेलेल्या पैशांपेक्षा त्या शिक्क्याचाच मला जास्त राग आला.

अशा वेळी सगळे दोनच सल्ले देतात. अर्धे म्हणतात, "सोड, अक्कलखाती जमा कर." उरलेले म्हणतात, "कोर्टात खेच साल्याला." दोघांनीही हिशोब केलेला नसतो. तो हिशोब कसा करायचा, कोणत्या क्रमाने करायचा आणि कुठे थांबायचं, ते खाली लिहिते आहे. मी वकील नाही. या प्रकरणात जे शिकले आणि कागदपत्रांतून जे पडताळून पाहिलं, तेवढंच सांगते.

आधी आकडा काढा, राग नंतर

"माझे दीड लाख खाल्ले" हा आकडा नव्हे. खरं येणं किती, ते कागदावर मांडावं लागतं, कारण पुढचा प्रत्येक निर्णय त्यावर ठरतो.

दुसऱ्या एका सुतारमिस्त्रीला घरी बोलवा. झालेल्या कामापैकी वापरण्यासारखं किती आणि उरलेलं पुरं करायला किती लागतील, हे त्याच्याकडून लेखी घ्या. फुकट मिळेलच असं नाही. मी पाचशे रुपये दिले आणि ते वसूल झाले. त्याने झालेल्या कामाची किंमत ६८,००० धरली आणि उरलेलं काम १,५५,००० ला सांगितलं. आता मांडणी अशी:

दिले १,४०,०००, काम मिळालं ६८,००० चं, म्हणजे ७२,००० जास्तीचे गेले. मूळ भावाने उरलेलं काम १,४२,००० त व्हायला हवं होतं, आता १,५५,००० लागणार, म्हणजे आणखी १३,००० चा भुर्दंड. एकूण येणं ८५,०००. पडताळा सोपा आहे. आतापर्यंत दिलेले १,४०,००० आणि पुढे लागणारे १,५५,००० मिळून २,९५,००० होतात, त्यातून ठरलेले २,१०,००० वजा करा.

मनस्ताप, बाहेरून मागवलेले डबे, सासूबाईंचे टोमणे हे या आकड्यात धरू नका. तक्रारीत मनस्तापाची भरपाई वेगळी मागता येते, पण निर्णय घेताना तिची किंमत शून्य समजा. आणि दुसरा मिस्त्री पहिल्याची निंदा करणारच, त्याचा तो धंदा आहे. जमलं तर दोघांकडून अंदाज घ्या आणि कमी आकडा धरा.

एक गोष्ट मात्र आजच करा. नवा माणूस हात लावायच्या आधी जुन्या कामाचे फोटो आणि व्हिडिओ काढून ठेवा. प्लायवरचा शिक्का, न जुळलेले सांधे, टेप लावून मापं. एकदा सनमायका चढला की खालचा शिक्का कुणालाही दाखवता येत नाही. मी तर सांगाड्याच्या फळीचा शिक्क्यासकट हातभर तुकडा कापून ठेवला.

हा नक्की कोणत्या जातीचा बुडव्या आहे?

काम अडकवणारे सगळे चोर नसतात, आणि चोर नसलेले सगळे पैसे परत करतात असंही नाही. माझ्या मते तीन प्रकार आहेत.

पहिला, खरोखरच वाद असलेला. त्याच्या मते तुम्ही मध्येच डिझाइन बदललंत, जादा काम सांगितलंत, त्याचे पैसे दिले नाहीत. याच्याशी आधी बसून बोला. कोर्टाच्या बाता मारल्या तर हाच माणूस तुमच्यावर उलटा दावा लावेल, आणि कदाचित त्याचं थोडंफार खरंही असेल.

दुसरा, इकडचं तिकडे फिरवणारा. तुमच्या ॲडव्हान्समधून मागच्या घराचा प्लाय आणायचा, पुढच्या घराच्या ॲडव्हान्समधून तुमचा. कारागिरांनी घेतलेली उचल परत येत नाही, एखादं गिऱ्हाईक पैसे थकवतं, की साखळी तुटते. हा प्रकार सर्वांत जास्त आढळतो. याच्याकडे पैसे येतात-जातात, पण एका वेळी एकालाच देण्यापुरते. जो आधी आणि नेमाने मागतो त्याला मिळतात, भिडस्त माणूस शेवटपर्यंत रांगेत राहतो.

तिसरा, अस्सल फसव्या. गाळा भाड्याचा, नाव बदलतं, जीएसटी नंबर बोगस, चार घरांतून ॲडव्हान्स उचलून आठवड्यात गायब. इथे वाटाघाटीत दिवस घालवू नका.

ओळखायचं कसं? मला उत्तर मिळालं ते प्लायवूडच्या दुकानात. ठेकेदार ज्या दुकानातून माल उचलतो तिथे जाऊन सहज विचारा. मी नाव घेतल्याबरोबर गल्ल्यावरचे काका हसले. "त्याची उधारी आम्ही दिवाळीपासून बंद केलीय. आता रोख देईल तेव्हाच माल." एका वाक्यात दोन गोष्टी कळल्या. माल आलेला नव्हता, आणि माणूस कडकीत होता पण गायब नव्हता, कारण रोखीने का होईना, दुकानात येत होता. प्रकार दुसरा.

घरबसल्या करण्यासारखी तपासणीही आहे. यूपीआयने पैसे पाठवले असतील तर ज्या नावाने खातं आहे ते नाव तिथे दिसतं, आणि ते व्हिजिटिंग कार्डावरच्या नावापेक्षा वेगळं असू शकतं. पावतीवर जीएसटी नंबर असेल तर जीएसटीच्या पोर्टलवर टाकून पाहा. नोंदणी कुणाच्या नावावर आहे आणि चालू आहे की रद्द, ते फुकट कळतं. ई-कोर्ट्सच्या साइटवर पक्षकाराच्या नावाने शोध घेता येतो. त्याच्यावर आधीच चेक बाउन्सचे चार खटले दिसले तर पाचवं होण्यात किती अर्थ आहे, ते स्वतःलाच विचारा. फक्त नावसाधर्म्यापासून सावध राहा, पत्ता जुळल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

खरा प्रश्न: त्याच्याकडून घेण्यासारखं काही आहे का?

लेखाचा हा भाग घाईने वाचू नका.

निकाल लागणं वेगळं आणि पैसे हातात पडणं वेगळं. दिवाणी कोर्टात जिंकलात तर हुकूमनामा मिळतो. त्याने पैसे दिले नाहीत तर वसुलीसाठी पुन्हा दरखास्त दाखल करावी लागते. जप्ती कशावर आणायची, ते तुम्ही दाखवायचं असतं. त्याचं बँक खातं कुठे, गाडी कुणाच्या नावावर, फ्लॅट त्याचा की भाड्याचा, हे कोर्ट शोधून देत नाही.

आणि सगळंच जप्त होत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये न जप्त होणाऱ्या वस्तूंची यादी आहे. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धार्मिक रूढीप्रमाणे बाईने अंगावरून उतरवायचे नसतात असे दागिने, आणि कारागिराची हत्यारं. म्हणजे माझ्या गॅलरीतली ती दोन मशिनं मी कोर्टात दहा वर्षं भांडले असते तरी जप्त होणारी नव्हती. नोकरदार असेल तर पगारातलेही पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुटतात. सुताराला तर पगारच नसतो.

म्हणून कागदावर तीन प्रश्न लिहा. हा माणूस मला पक्का सापडतो का, म्हणजे घराचा पत्ता माहीत आहे का? त्याचा धंदा याच भागात चालू आहे आणि पुढेही चालणार आहे का? त्याच्या नावावर काही आहे का? तिन्हींचं उत्तर 'नाही' असेल तर वकिलावर एक रुपयाही घालू नका, फुकटातले मार्ग तेवढे वापरा. दुसऱ्याचं उत्तर 'हो' असेल, तर नावावर काही नसलं तरी आशा आहे, कारण धंदा करणाऱ्याला नाव सांभाळावं लागतं. हुकूमनाम्यापेक्षा ही गरज जास्त पैसे काढून देते, असं माझं मत झालं आहे.

आता शक्यता आकड्यात मांडा. मी स्वतःशी म्हटलं, कोर्टकचेरी करून ८५,००० मिळण्याची शक्यता चारात एक. म्हणजे या येण्याची आजची किंमत साधारण २१,०००. आमच्या ओळखीच्या वकिलांनी दाव्याची फी १५,००० सांगितली, शिवाय कोर्ट फी, झेरॉक्स आणि आठ-दहा अर्ध्या रजा. जमत नव्हतं. पण शक्यता तीच धरून, स्वतः ग्राहक आयोगात गेले तर खर्च जेमतेम दोन-तीन हजार. ते जमत होतं. 'लढायचं की सोडायचं' असा प्रश्न सहसा नसतोच, कितीचा मार्ग निवडायचा एवढाच असतो.

त्याच दिवशी दोन मर्यादा लिहून ठेवल्या. खिशातून ५,००० रुपयांपेक्षा जास्त नाही, आणि ३१ मार्चनंतर एकही फेरी नाही. राग अधूनमधून उसळतो तेव्हा हा कागद कामाला येतो.

हत्यारं अडवून ठेवू का?

मलाही वाटलं होतं. नवऱ्याने तर मशिनं माळ्यावर लपवायची तयारी केली होती. करू नका. दुसऱ्याची वस्तू दडवलीत तर पोलीस चौकीत तोच तुमच्याविरुद्ध अर्ज देईल, आणि सरळ बाजू वाकडी होईल. वस्तूंचे फोटो काढा, यादी करा आणि त्याला लेखी कळवा की तुमचं सामान इथे आहे, यादीवर सही करून घेऊन जा. यात लबाडी काही नाही आणि फायदा मोठा आहे. फोन न उचलणारा माणूस मशीन न्यायला स्वतःच्या पायांनी येतो.

मागणी कशी करायची

फोनवर भांडू नका. फोनवरचं उरत नाही. व्हॉट्सॲपवर एक मेसेज टाका, त्यात शिव्या नकोत, धमकी नको, आकडा आणि तारीख हवी. मी टाकलेला असा होता:

"नमस्कार दादा. किचन व कपाटाच्या कामासाठी तुम्हाला तीन वेळा मिळून १,४०,००० रुपये दिले आहेत. काम एक महिन्यापासून बंद आहे. कोटेशनमध्ये ७१० प्लाय ठरला होता, लावलेला प्लाय ३०३ एमआर आहे, फोटो सोबत आहे. १५ तारखेपर्यंत ठरल्याप्रमाणे काम सुरू करा, नाहीतर हिशोब करून ८५,००० परत करा. तुमची दोन मशिनं माझ्याकडे आहेत, यादीवर सही करून घेऊन जावीत."

काम पुरं करायची संधी देणं महत्त्वाचं आहे. पुढे कुठेही गेलात तरी पहिला प्रश्न हाच येतो, "तुम्ही त्याला मुदत दिली होती का?" त्याने उत्तर दिलं तर उत्तम. "ताई, पैशांची अडचण आहे, देतो" एवढं एक वाक्यही सोनं आहे, कारण त्यात देणं मान्य केलेलं आहे. चॅट डिलीट करू नका, एक्स्पोर्ट करून मेलवर ठेवा आणि तोच फोन जपा. इलेक्ट्रॉनिक पुरावा कोर्टात द्यायचा तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं.

सोसायटीच्या ग्रुपवर त्याचा फोटो टाकून "चोर" लिहायचा मोह होईल. "माझं काम अर्धवट आहे, पैसे परत आले नाहीत" इतकं खरं तेवढंच सांगा. पुढचा शब्द बदनामीच्या खटल्याचं निमित्त होतो. आणि कुणाच्या 'ओळखीच्या पोरांना' वसुलीला पाठवणं तर मुळीच नको. त्यात फिर्यादी तो होतो आणि आरोपी तुम्ही.

मेसेजला उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५. फुकट आहे. मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत तिचा उपयोग जास्त होतो, एकट्या ठेकेदाराच्या बाबतीत कमी, पण तक्रारीचा नंबर मिळतो आणि तो पुढे कागदात लागतो. मग नोटीस. ती स्वतःही पाठवता येते, पण वकिलाच्या लेटरहेडचा परिणाम वेगळा होतो. मला दोन हजार लागले. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आहे, तेव्हा स्पीड पोस्टनेच पाठवा, पोहोच घ्या आणि ती जपून ठेवा. घराच्या आणि गाळ्याच्या, दोन्ही पत्त्यांवर पाठवा. लखोटा "घेण्यास नकार" शेरा होऊन परत आला तर फोडू नका, तसाच फाइलला लावा.

तो तडजोडीला आला तर

आला. मशिनं न्यायला. सोबत बायको आणि लहान मुलगी. हाही एक डाव असू शकतो किंवा खरंच घरात दुसरं कुणी नसेल, मी खोलात गेले नाही. चहा दिला आणि हिशोबाचा कागद पुढे ठेवला. त्याने ४०,००० पासून सुरुवात केली, शेवटी ६०,००० वर ठरलं, पंधरा-पंधरा हजारांचे चार हप्ते.

८५ चे ६० का केले? कारण चारात एक शक्यतेचे ८५ आणि दोनात एक शक्यतेचे ६०, यातले दुसरे मोठे आहेत. आणि दुसऱ्या प्रकारच्या माणसाला एकरकमी देताच येत नाहीत. मागितले तर तो पुन्हा गायब होतो.

पण समजुतीचा कागद नीट करा. त्यात या गोष्टी हव्यातच: कोणत्या कामाचे पैसे घेतले, एकूण देणं ८५,००० हे त्याला मान्य आहे, सवलत म्हणून ६०,००० अमुक तारखांना घेण्याचं ठरलं, आणि एक हप्ता जरी चुकला तर सवलत रद्द होऊन मूळ रकमेतले राहिलेले सगळे द्यावे लागतील. ही शेवटची ओळ नसेल तर तडजोड म्हणजे तुम्ही दिलेली भेट. सही, तारीख, आधारची प्रत, दोन साक्षीदार. महाराष्ट्रात पूर्वी जिथे शंभराचा स्टॅम्पपेपर चालायचा तिथे ऑक्टोबर २०२४ पासून पाचशेचा लागतो, तेवढा खर्च करा. "आता काही येणं बाकी नाही" असं शेवटचा हप्ता जमा होईपर्यंत कुठेही लिहून देऊ नका.

आणि हप्त्यांचे चेक घ्या. पुढच्या तारखांचे, त्याच्या स्वतःच्या खात्याचे, सही तुमच्यासमोर. चेक हातात आला की प्रकरणाचा सगळा तोल बदलतो, कारण परक्राम्य संलेख अधिनियमाचं कलम १३८, म्हणजे चेक न वठणं हा गुन्हा ठरवणारं कलम, लागू होतं. पण त्याचं घड्याळ निर्दय आहे:

१. चेकवरच्या तारखेपासून तीन महिन्यांत तो बँकेत टाकायचा.
२. परत आला तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस पाठवायची.
३. नोटीस मिळाल्यापासून त्याला १५ दिवस.
४. त्यात पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तक्रार.

शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. २०१८ च्या दुरुस्तीने खटला चालू असतानाच चेकच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई देण्याचा अधिकारही कोर्टाला मिळाला. तुमचं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या कोर्टात तक्रार होते, त्याच्या गावी जावं लागत नाही. फक्त "टाकू नका ताई, पुढच्या आठवड्यात रोख देतो" या वाक्यावर तारखा घालवू नका. तीन महिने बघता बघता जातात.

तडजोड झालीच नाही तर: कोणतं दार ठोठवायचं

जिल्हा ग्राहक आयोग. घराच्या कामासाठी हे माझ्या मते पहिलं दार. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही स्वतः जिथे राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते, वकील लागतोच असं नाही, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. पाच ते दहा लाखांना २०० रुपये. ५० लाखांपर्यंतचं काम जिल्हा आयोगातच चालतं. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन भरता येते. मुदत दोन वर्षांची, आणि नुसत्या नोटिसा पाठवत राहिल्याने ती वाढत नाही. समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस, फार तर १५ आणखी. कायदा म्हणतो तीन महिन्यांत निकाल. प्रत्यक्षात एवढ्यात लागत नाही, वर्ष-दोन वर्षं धरून चाला. पण आदेश मोडला तर कलम ७२ खाली एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा २५,००० ते एक लाख दंड होऊ शकतो, आणि अपील करायचं तर निम्मी रक्कम आधी भरावी लागते. टाळाटाळ करणाऱ्याला हे दोन्ही बोचतं. दुकान किंवा ऑफिसचं काम असेल तर मात्र "व्यापारी हेतू" म्हणून आक्षेप येऊ शकतो. पोटापाण्यासाठी स्वतः चालवायचं दुकान असेल तर त्यातून सूट आहे.

पोलीस. चौकीत तुम्हाला बहुधा "मॅडम, हे सिव्हिल मॅटर आहे" असं ऐकायला मिळेल. चिडू नका, बऱ्याचदा ते बरोबरही असतं. काम अर्धवट सोडणं म्हणजे फसवणूक नव्हे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणूक ठरायला पैसे घेतानाच नियत खोटी होती, हे दिसावं लागतं. बोगस जीएसटी नंबर, न आलेल्या मालाची खोटी बिलं, एकाच आठवड्यात पाच घरांतून ॲडव्हान्स आणि मग फोन बंद, अशा गोष्टी असतील तर लेखी अर्ज द्या, पोहोच घ्या आणि बाकीच्या चार घरांना सोबत न्या. एकट्याच्या अर्जाला 'व्यवहार' म्हणतात, पाच जणांच्या अर्जात पद्धत दिसते. अर्ज घेतलाच नाही तर पोलीस अधीक्षक किंवा शहरात उपायुक्त, आणि त्यानंतर न्यायदंडाधिकारी.

दिवाणी दावा. मुदत साधारण तीन वर्षं. ती संपायच्या आत त्याने सही करून देणं मान्य केलं तर तिथून पुन्हा तीन वर्षं मोजतात, म्हणून तो सहीचा कागद. काही लाखांची रक्कम, सहीचा कागद आणि समोरच्याच्या नावावर मालमत्ता, हे तिन्ही असेल तरच यात पडा.

लोकअदालत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात दाव्याआधीचं प्रकरण म्हणून अर्ज देता येतो. तिथे तडजोड झाली तर तिला हुकूमनाम्याचं बळ असतं आणि त्यावर अपील नाही. समोरचा आलाच नाही तर मात्र हात हलवत परत यावं लागतं. याच कार्यालयात मोफत वकील मिळतो, आणि बायकांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. हे मला फार उशिरा कळलं, नाहीतर नोटिशीचे दोन हजारही वाचले असते.

सोडायचं कधी

रक्कम तुमच्या महिन्याच्या किराणा-बिलाएवढी असेल तर मेसेज आणि १९१५ यांच्यापुढे जाऊ नका. माणूस परराज्यातला, पत्ता नाही, दिलेले सगळे पैसे रोख आणि कागदाचा एक चिटोरा नाही, तर पोलिसांत अर्ज देऊन ठेवा आणि नवा मिस्त्री लावा. त्याच्यावर आधीच पाच-सात खटले असतील तर तुमच्या आधी रांगेत तेवढे लोक आहेत. घरात आजारपण किंवा लग्नकार्य असेल तर दोन वर्षांची मुदत आहे हे लक्षात ठेवून फाइल नीट लावून ठेवा, आज धावायची गरज नाही. आणि चौथ्यांदा झोपेतून उठून त्याचं 'लास्ट सीन' बघत असाल तर आकडा काहीही असो, एकदा थांबा.

सोडायचं ठरलं तरी किचन अडवून ठेवू नका. "केस चालू आहे, कामाला हात लावू नको" म्हणून वर्षभर ओट्याखाली पडदा लावून बसलेलं कुटुंब मी पाहिलं आहे. फोटो, व्हिडिओ आणि दुसऱ्या मिस्त्रीचा लेखी अंदाज हातात असला की काम पुढे सुरू करा.

माझं काय झालं? पहिला हप्ता यूपीआयने आला. दुसरा चेक वठला. तिसरा परत आला, सातव्या दिवशी नोटीस गेली, आणि ती मिळाल्यापासून तेराव्या दिवशी पंधरा हजार जमा झाले. त्या अटीप्रमाणे मी मूळ रकमेचा हट्ट धरू शकत होते. धरला नाही. चौथ्या हप्त्याचे सात हजार फेब्रुवारीत मिळाले, "ताई, बाकीचे होळीनंतर". होळी झाली. ३१ मार्चला आठ हजार बाकी होते. तो चेक माझ्याकडे होता, मुदतीतही होता, आणि टाकला असता तर परत आला असता.

टाकला नाही. फाइल माळ्यावर ठेवली. त्या माळ्याची दारं शेवटी दुसऱ्या मिस्त्रीने बसवली, ७१० ची, शिक्का बाहेरच्या बाजूला ठेवून. मीच सांगितलं होतं तसं.